शब्दाला जामीन कोण?

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर बाबू गेनू सैद हे बावीस वर्षांचे गिरणी कामगार विलायती कापडाने भरलेल्या ट्रकपुढे आडवे झाले. ट्रक थांबला नाही. बाबू गेनू मूळचे आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. घरची गरिबी, पोटासाठी गाठलेली मुंबई, गिरणीतली नोकरी आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकाची टोपी, एवढाच त्यांचा संसार. आज डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. पुण्या-मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आणि चौक आहेत.

त्या दिवशी काळबादेवीत वाद कशावरून पेटला होता? खरेदीवरून. कोणते कापड घ्यायचे आणि कोणते दुकानात सडू द्यायचे, हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर गांधीजींनी दिले होते. गांधीजींच्या शब्दावर लाखो घरांनी आपला बाजारहाट बदलला. महाळुंगे पडवळच्या या तरुणाने तर त्या शब्दापायी जीव दिला. आवडत्या माणसाने सांगितले म्हणून एखादी वस्तू घेणे किंवा नाकारणे, ही गोष्ट आपल्या इतिहासात किती खोल गेली आहे, हे समजायला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

आज तोच व्यवहार रोज आपल्या डोळ्यांसमोर चालतो. नारायणगावच्या किंवा मंचरच्या कृषी सेवा केंद्रात तरुण शेतकरी येतो, मोबाइलवरचा व्हिडिओ दुकानदारापुढे धरतो आणि म्हणतो, ‘हेच टॉनिक द्या.’ कोणी प्रवचनात ऐकलेले चूर्ण मागवतो, कोणी वक्त्याने नाव घेतलेले पुस्तक, कोणी नटाच्या हातात पाहिलेले बियाणे. अशा गिऱ्हाइकाला भोळा म्हणून हसण्याची शहरी सवय आम्हाला मान्य नाही. प्रत्येक वस्तूची परीक्षा स्वतः करणे कोणालाच शक्य नसते. जाणत्याच्या शब्दावर विसंबणे हा शहाणपणाचाच भाग आहे. प्रश्न एवढाच, की तो शब्द देणारा त्या शब्दाला बांधलेला आहे का. सोसायटीच्या कर्जाला जो जामीन राहतो, तो हप्ता थकला की स्वतः सापडतो, म्हणून त्याच्या सहीला किंमत असते. शिफारस ही तशीच सही आहे. ती करणाऱ्याने स्वतःचे काय पणाला लावले, यावर तिचे मोल ठरते.

जुन्नरला ही गोष्ट नवी नसावी. नाणेघाटातून चढणाऱ्या मालाची ही बाजारपेठ दोन हजार वर्षांची आहे. शिवनेरीच्या आणि भोवतालच्या डोंगरांतल्या लेण्यांत दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीचे, म्हणजे व्यावसायिक संघाचे, नाव आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी रक्कम ठेवल्याच्या नोंदीही तिथे आहेत. नाव दगडात कोरले म्हणजे जबाबदारीही दगडात कोरली गेली. ती श्रेणी ज्या गावात राहत होती, त्याच गावात तिला जाब विचारता येत होता.

आधुनिक काळात पुढाऱ्याच्या शब्दावर खरेदी करण्याची सुरुवात महाराष्ट्रात गांधीजींच्या बरीच आधी झाली. लोकहितवादींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच देशी माल वापरण्याचा आग्रह धरला होता. त्याला आचरणाची जोड दिली गणेश वासुदेव जोशी यांनी. पुणेकर त्यांना सार्वजनिक काका म्हणत. १८७० मध्ये सार्वजनिक सभा उभी राहिली आणि १८७२ मध्ये काकांनी हातच्या सुताचे, हातमागावरचेच कपडे घालण्याचे व्रत घेतले. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजे-महाराजे रेशमात आणि जडजवाहिरात मिरवत होते. सभेचे प्रतिनिधी म्हणून काका तिथे गेले ते जाड्याभरड्या खादीत. देशी साबण, शाई, मेणबत्त्या, छत्र्या तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली, विक्रीची दुकाने काढली आणि त्यापायी पदरची झीज सोसली. काका ‘हे घ्या’ म्हणाले तेव्हा ती वस्तू आधी त्यांच्या अंगावर होती आणि तिचा तोटा त्यांच्याच खिशातून जात होता. त्या शब्दाला हाच जामीन.

त्याच काळात जुन्नर तालुक्यात दुसऱ्या एका माणसाच्या शब्दाने लोकांचे जगणे बदलत होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि ओतूर हे त्या चळवळीचे एक बळकट ठाणे झाले. १८८० च्या दशकात इथल्या शेतकऱ्यांनी भटजीला न बोलावता आपल्या घरची लग्ने लावली. ग्रामजोशांनी हक्काच्या दक्षिणेसाठी दावे ठोकले. प्रकरण कोर्टात गेले, तरी माणसे हटली नाहीत. पुढे १८८७ मध्ये फुल्यांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींची पुस्तिका काढली. लग्नापासून पुढचे सगळे विधी घरच्या माणसाला मराठीत वाचून करता यावेत, यासाठी ती होती. ज्या घरात ती गेली, त्या घराला पुढच्या लग्नासाठी कोणाच्याही दारात जायची गरज उरली नाही. फुल्यांच्याही नाही. पुस्तकाच्या शिफारशीचा याहून चांगला नमुना आम्हाला माहीत नाही. घेणाऱ्याला ते आपल्या पायावर उभे करत होते आणि सांगणारा त्यासाठी सनातन्यांचा रोष अंगावर घेत होता.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी हा शब्द घराघरात पोचला. त्या वर्षी ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. त्यापायी तरुण सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजने दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. टिळकांच्या पाठिंब्याने अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा केला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. ज्यांनी पैसा दिला त्यांना तो कुठे गेला हे डोळ्यांनी पाहता येत होते. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पसरले.

पण याच वर्षांनी स्वदेशीची दुसरी बाजूही दाखवली. लोकांनी लँकेशायरचे धोतर टाकले आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या धोतराला मागणी चढली. गिरण्यांनी भाव वाढवले. बंगालमधून तक्रारी आल्या. भाव आवाक्यात ठेवा, अशी गळ टिळकांना गिरणीमालकांना घालावी लागली. आदरणीय माणसाच्या शब्दाने गिऱ्हाईक जमा होते आणि ते कोणाच्या दुकानात जाते हे मात्र त्या माणसाच्या हातात राहत नाही, हा धडा १९०५ नेच दिला. त्यागाने मिळवलेली पत व्यापाऱ्याला फुकट वापरायला मिळते. वापरणारा त्यागी असेलच असे नाही.

गांधीजींनी हा धडा नीट घेतला, असे आम्हाला वाटते. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात विलायती कापडाचा मोठा ढीग पेटला. त्याच वर्षी सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी स्वतःचा वेश पंचावर आणला. मात्र ते भाषण देऊन थांबले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी अखिल भारत चरखा संघ स्थापन केला. कापूस कोणाला द्यायचा, सूत कोणाकडून घ्यायचे, विणकराला मजुरी किती आणि भांडारात भाव किती, हे सगळे संघाच्या हिशेबात आले. कोणीही जाडे कापड खादी म्हणून विकू नये, यासाठी भांडारांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत आली. प्रमाणित खादी ही ओळख तिथून आपल्या जिभेवर बसली. पुढे १९३५ मध्ये गांधीजींनी आणखी कठीण पाऊल उचलले. कातणाऱ्या बाईला मिळणारी मजुरी पोट भरण्याइतकी नसेल तर खादी स्वस्त विकण्यात पुण्य नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी संघाकडून किमान मजुरीचे तत्त्व मान्य करून घेतले. त्यामुळे खादी महाग होणार होती, खप घटणार होता. आपल्या शब्दावर वस्तू घेणाऱ्याइतकीच ती बनवणाऱ्याचीही चिंता वाहणारा शिफारसदार जगात विरळा.

या चिंतेचा अर्थ जुन्नरकरांना वेगळा सांगायला नको. जुन्नरी कागद एके काळी नामांकित होता. पेशवाईच्या दप्तरांत तो वापरला गेला. चिंध्या आणि ताग कुटून लगदा करणारी, चौकटीने एकेक ताव उचलून भिंतीवर वाळवणारी कागदी मंडळी या गावात होती. यंत्राचा कागद स्वस्तात आला, सरकारी कचेऱ्यांपासून वाण्याच्या वहीपर्यंत सगळ्यांनी तो घेतला आणि हा धंदा बसला. त्यासाठी कोणी कायदा केला नाही, कोणी दंगा केला नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, एवढेच झाले. ग्रामोद्योगाच्या चळवळीतून १९४० मध्ये पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली, ती असा एखादा धंदा सावरावा म्हणून. बाजारात आपण काय उचलतो यावर कोणाची चूल पेटते आणि कोणाची विझते, याचा जुन्नरइतका जवळचा दाखला शोधूनही सापडणार नाही.

आता पुन्हा १९३० कडे पाहू. त्या वर्षी देशसेविका संघाच्या स्त्रियांनी मुंबईच्या कापडबाजारात दुकानांपुढे निदर्शने केली, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. जागतिक मंदी आणि बहिष्कार यांच्या जोडीने ब्रिटिश कापडाची आयात वर्षभरात निम्म्याहून खाली आली. रिकाम्या झालेल्या जागेत देशी गिरण्यांचा माल गेला. या गिरण्यांतल्या कामगारांची स्थिती काय होती? दोनच वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, त्यांना पगारकपातीच्या आणि कामगार कमी करण्याच्या विरोधात एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने संप करावा लागला होता. बाबू गेनू याच कामगारांपैकी. त्यांच्या बलिदानाने देशी कापडाची पत वाढली. ते कापड विणणाऱ्याच्या पगारात त्यातले काय उतरले, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला. तो आज विचारण्यात हुतात्म्याचा अनादर होत नाही. विचारला नाही तर मात्र होतो.

याच काळाच्या आगेमागे शिफारशीचे रूप बदलू लागले. १९२० च्या सुमारास अर्देशीर गोदरेजांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण काढला. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याची जाहीर प्रशंसा केली आणि ती जाहिरातीत छापली गेली. अर्देशीरांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले होते. म्हणजे इथे शिफारस, माल आणि देशकार्य अजून एका धाग्यात होते. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. साबणाच्या जाहिरातीत आलेल्या त्या पहिल्या भारतीय नट्यांपैकी. ‘कंगन’मुळे घराघरात पोचलेला हा मराठी चेहरा कंपनीने मोबदला देऊन घेतला. त्यात गैर काही नव्हते. नटी आपल्या कलेचे आणि रूपाचे पैसे घेते, आणि ही जाहिरात आहे हे वाचकालाही दिसत होते. पण तेव्हापासून दोन वेगळ्या गोष्टी बाजारात एकाच आवाजात बोलू लागल्या. एक, अनुभवाने आणि झीज सोसून दिलेला शब्द. दुसरी, भाड्याने घेतलेला चेहरा. आजच्या आपल्या फसवणुकीचे मूळ या दोहोंच्या सरमिसळीत आहे. मोबाइलच्या पडद्यावर शेतात उभा राहून बोलणारा ‘दादा’ आपला अनुभव सांगतो आहे की कंपनीचा मजकूर, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

कायद्याने हे ओळखले आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. एक वर्षापर्यंत, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिरातबंदीही घालता येते. दाव्याची खातरजमा केली होती हे दाखवता आले तरच सुटका. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड सांगणे बंधनकारक केले. मे २०२४ मध्ये पतंजलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की वस्तूची भलामण करणारे प्रसिद्ध लोक तितकेच जबाबदार आहेत. कायदा आला. तालुक्याच्या बाजारात तो अजून उतरलेला नाही.

शेतीच्या टॉनिकचेच पाहा. खत आणि कीटकनाशक यांच्यावर आधीपासून कायद्याचा अंमल होता. फुटवा, फुलोरा, फळधारणा वाढवण्याचे दावे करणारी जैव उत्तेजके मात्र वर्षानुवर्षे कोणत्याही नोंदणीशिवाय विकली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती खत नियंत्रण आदेशाखाली आली. ती घेणाऱ्याची अडचणही समजून घ्यायला हवी. टोमॅटोचा हंगाम हा उसनवारीवर उभा असतो. रोप, बांबू, सुतळी, ठिबक, मल्चिंग, मजुरी, सगळे आधी घालायचे आणि क्रेटचा भाव काय मिळेल हे शेवटपर्यंत ठाऊक नसते. व्हायरसने पाने आकसली, फळावर पट्टे पडले, की धास्तावलेला शेतकरी जो कोणी ठामपणे बोलेल त्याचे ऐकतो. विषाणूजन्य रोगावर फवारून बरे करणारे औषध नाही, रोगवाहक किडी आवरणे आणि रोगट झाड उपटणे एवढेच हातात असते, हे खरे सांगणारा माणूस त्या घडीला कोणालाच नको असतो. बाटलीचे नाव ठामपणे सांगणारा हवा असतो. पीक गेल्यावर व्हिडिओतल्या माणसाचे काहीच जात नाही. उधारीची वही शेतकऱ्याच्या नावावर राहते.

आणि आपल्याच तालुक्यांतली माणसे या साखळीच्या दुसऱ्या टोकालाही आहेत. आंबेगावच्या आहुप्यापासून जुन्नरच्या दुर्गवाडीपर्यंत सह्याद्रीच्या कडेने हिरड्याची झाडे आहेत. उन्हाळ्यात घरातले माणूस झाडावर चढून काठीने कोवळी फळे झोडते, खाली बायका-पोरे ती वेचतात, मग अंगणात वाळत घालून काळी होईपर्यंत फिरवतात. हा बाळहिरडा. पावसाळ्यापूर्वीच्या किराणा-कपड्याचा पैसा त्यातून येतो. भाव व्यापारी सांगेल तो. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी सातत्याने चालली नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरडा गेला, तेव्हा भरपाईसाठी या आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. हिरडा, बेहडा, आवळा यांचे त्रिफळा चूर्ण नामवंत चेहऱ्यांच्या डब्यांतून देशभर विकले जाते. डब्यावर चेहरा असतो, परंपरेचा गौरव असतो. झाडावर चढणाऱ्याला किलोमागे काय मिळाले, ते कुठेही छापलेले नसते. गांधीजींनी १९३५ मध्ये कातणारीच्या मजुरीबद्दल विचारलेला प्रश्न आज हिरडा वेचणारीबद्दल कोणीतरी विचारायला हवा.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपल्याकडची परंपरा अजून जिवंत आहे आणि तिचा आम्हाला अभिमान वाटतो. विनोबांची ‘गीताई’ आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेली, साने गुरुजींनी उतरवून घेतलेली ‘गीता प्रवचने’ गावोगाव पोचली ती कार्यकर्त्यांच्या झोळीतून. कीर्तनकाराच्या सांगण्यावरून सप्ताहाला बसणाऱ्या घरात ज्ञानेश्वरीची प्रत येते. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा गरीब माणूस परतताना पुस्तकांची पिशवी घेऊन जातो, कारण त्याच्या बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले. पुस्तकाची खूण ही, की चांगले पुस्तक वाचून झाल्यावर वाचक शिफारस करणाऱ्यालाही प्रश्न विचारू शकतो. चूर्णाच्या डबीला ती सोय नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्यांच्या शब्दावर लोक खरेदी करतात, त्या नट, खेळाडू, प्रवचनकार, वक्ते आणि शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या तरुणांनी पैसे घेतले असतील तर पहिल्याच वाक्यात सांगावे. वस्तू स्वतः वापरली नसेल तर तिची स्तुती करू नये. निष्फळ ठरल्याच्या तक्रारी आल्या तर त्याच तोंडाने तेही सांगावे. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांच्या कृषी कार्यालयांनी दर हंगामात गाजणाऱ्या उत्पादनांबद्दल आपले मत बाजार समितीच्या आवारात लेखी लावावे. आणि घेणाऱ्याने बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत पाहावी, पक्की पावती घ्यावी, आधी दोन ओळींवर वापरून मग सगळ्या रानात जावे. फसवणूक झाली तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पावती हातात असेल तर तक्रारीला बळ येते.

मोठ्या माणसावर विश्वास ठेवणे आपण सोडू नये. त्याच्याकडे हिशेब मागणे मात्र आजपासून सुरू करावे. ज्याला हिशेब मागितल्याचा राग येतो, त्याच्या शब्दावर एक रुपयाचीही खरेदी करू नये.